पित्ताशयात खडे आहेत, पण दुखतं नेमकं कशानं?

चाफा_प्रतापनगर
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहून राहिली आहे, समजून घ्या. आईचं वय ५८. गेली तीन वर्षं तिला मधूनमधून पोटात दुखायचं, दोन-तीन महिन्यांतून एकदा, आणि आम्ही सगळे "पित्त झालं असेल" म्हणून सोडून द्यायचो, तीही तेच म्हणायची. ओवा, गरम पाणी, अ‍ॅसिडिटीची गोळी, झालं. यंदा महालक्ष्म्या आमच्याकडे होत्या. सोळा भाज्या, आंबील, कढी, वडे, पुरणपोळी आणि पोळीवर तुपाची धार, विदर्भातलं ते जेवण तुम्हाला सांगायला नको. आई सकाळपासून उपाशी, सगळ्या पंगती उठल्यावर रात्री नऊला जेवली. अकराच्या सुमारास दुखायला लागलं. मला एकच्या दरम्यान जाग आली तर ती स्वयंपाकघरात ओट्याला कपाळ टेकवून उभी, एक हात उजव्या बरगडीखाली दाबून धरलेला, दुसऱ्या हातातल्या बांगड्या ओट्याच्या ग्रॅनाइटवर बारीक वाजत होत्या, इतकी ती थरथरत होती. पाठ घामानं ओली. मी विचारलं कसं दुखतंय, तर म्हणाली, कोणी आतून मूठ आवळून धरली आहे अन सोडूनच नाही राहिलं. कळ येते-जाते असं नाही, एकसारखं. आणि उजव्या खांद्याच्या पात्याखाली पाठीतही.

हार्टचं असेल म्हणून घाबरून तशीच गाडीत घातली. ईसीजी नॉर्मल निघाला. इंजेक्शन दिलं, तीन-साडेतीनला हळूहळू कमी झालं. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी केली, आठ-दहा खडे, सगळ्यात मोठा ९ मिलिमीटर, पिशवीच्या भिंतीची जाडी नॉर्मल, मोठी पित्तनळी नॉर्मल. सर्जन म्हणाले ऑपरेशन करून घ्या.

ज्यांच्याकडे तीन वर्षं दाखवत होतो त्यांनी एकदाही सोनोग्राफी सांगितली नाही याचं मला फार वाईट वाटतं, पण ते असू द्या. माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या शेजारच्या काकूंच्या पित्ताशयात दोन सेंटीमीटरचा खडा आहे आणि त्यांना आजवर काहीच झालं नाही. मग आईला ९ मिलिमीटरनं एवढं का? आणि खडे चोवीस तास तिथंच आहेत तर दुखणं दोन-तीन महिन्यांतून एकदाच का? खडा दुखतो की पिशवी दुखते? मला हे समजल्याशिवाय आईला काय सांगावं कळत नाही, कारण ती विचारते की "मग बाकीचे दिवस ते खडे काय करत होते?"

मानेवाडा_मावशी
मी त्या शेजारच्या काकूंसारखीच. २०१४ ला सूनबाईच्या आग्रहानं बॉडी चेकअप केलं तेव्हा १८ मिलिमीटरचा एकच खडा दिसला. तेव्हापासून एकदाही दुखलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं दुखत नसेल तर हात लावायची गरज नाही, फक्त लक्ष ठेवा. आईला सांभाळ बाळा.

इतवारीचा_भौ
चाफा ताई, माझ्या स्वतःचा अनुभव सांगतो. मला ७ मिलिमीटरचा खडा होता, कुळथाचं पाणी अन पानफुटीचा रस घेतला, पंधरा दिवसांत पडून गेला. आईला देऊन पाहा ना. अन आमच्या सासऱ्यांच्या ओळखीत एकानं रात्री अर्धा कप ऑलिव्हचं तेल अन लिंबाचा रस घेतला, सकाळी हिरवे हिरवे खडे पडले म्हणे, फोटो पण होता मोबाइलमधे. ऑपरेशनच्या पहिले एकदा करून पाहायला काय हरकत आहे?

शिकवतो_शरीरक्रिया
भौ, थांबा. तुमचा खडा किडनीचा होता. तो लघवीच्या वाटेनं पडला. पित्ताशयाची अन लघवीची वाट कुठंच जुळत नाही, कुळथाचं पाणी कितीही प्यायलं तरी ते पित्ताशयातल्या खड्याला धक्का लावत नाही. आणि तेलाचं तर कृपा करून कोणाला सांगू नका, ते का ते पुढं लिहितो.

मी नर्सिंगच्या मुलामुलींना शरीरक्रिया शिकवतो, डॉक्टर नाही, म्हणून उपचार सांगणार नाही. पण चाफा ताई, तुमच्या आईंनी विचारलेला प्रश्न फार बरोबर आहे आणि त्याचं उत्तर त्या पिशवीच्या स्नायूत आहे.

पहिले शब्दाचा घोळ सोडवू. आपण मराठीत "पित्त झालं" म्हणतो तेव्हा आपल्याला जठरातलं आम्ल म्हणायचं असतं, आंबट ढेकर, जळजळ, डोकं चढणं. पित्ताशयातलं पित्त ते नव्हे. ते यकृतात तयार होतं, रोज साधारण अर्धा ते एक लिटर, हिरवट-पिवळं आणि कडू, चरबी पचवायला मदत करणारं. एकच शब्द दोन गोष्टींना वापरल्यामुळे आपल्या घराघरांत पित्ताशयाचं दुखणं अ‍ॅसिडिटीच्या गोळीखाली वर्षानुवर्षं झाकून राहतं. तुमच्याकडे तेच झालं.

आता पिशवी. यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेली, नासपतीच्या आकाराची, ३० ते ५० मिली मावेल एवढी. जेवण नसतं तेव्हा पित्त तिच्यात साठतं आणि तिचं अस्तर त्यातलं पाणी शोषून घेऊन ते बरंच घट्ट करतं. भिंतीत अनैच्छिक स्नायूंचा पातळ थर असतो, उभेआडवेतिरपे धागे, सैल विणलेल्या जाळीसारखे. जेवणातली चरबी अन प्रथिनं लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचली की तिथल्या पेशी रक्तात एक संप्रेरक सोडतात, कोलेसिस्टोकायनिन, सगळे त्याला सीसीके म्हणतात. १९२८ मध्ये शिकागोत आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी ते दाखवून दिलं, आणि त्या नावाचा अर्थच "पित्ताशय हलवणारं" असा आहे. हे सीसीके एकाच वेळी दोन कामं करून घेतं, पिशवी पिळवतं आणि पित्तनळीच्या आतड्याकडच्या तोंडावरचा स्नायू ढिला करतं. पिळणं म्हणजे पिचकारी नव्हे हं, अर्धा-पाऊण तास सावकाश आकसत जाते आणि निम्म्याहून जास्त रिकामी होते. मग ढिली पडते, पुन्हा भरते. निरोगी माणसाला यातलं काही जाणवत नाही.

खडे होणाऱ्या बहुतेकांच्यात हा स्नायू आधीच मंद झालेला असतो. पित्तात कोलेस्टेरॉल जास्त झालं की ते अस्तरातून आत झिरपून स्नायूपेशींच्या आवरणात जाऊन बसतं, आवरण कडक होतं, सीसीकेचा निरोप पेशीच्या आत नीट पोचत नाही. पिशवी आकसते पण पूर्ण नाही, तळाशी जुनं पित्त उरतं. आपल्याकडे उन्हाळा संपल्यावर कूलरची टाकी रिकामी केली नाही तर तळाला अन पंपाच्या जाळीला जो पांढरा थर बसतो ना, तसं. रोज ताजं पाणी येत राहिलं, जुनं निघून गेलं, तर एवढा थर बसत नाही. उरलेल्या पित्तात कोलेस्टेरॉलचे स्फटिक, त्यावर अस्तराचा चिकट स्राव, त्याचा गाळ, गाळाचे खडे. म्हणजे खड्यांमुळे पिशवी बिघडते असं आपल्याला वाटतं, पण पुष्कळदा पिशवीची सुस्ती पहिले आलेली असते. फार दिवस उपास, झपाट्यानं वजन उतरवणं, गरोदरपण, या सगळ्यांत खडे होतात त्याचं एक मोठं कारण हेच, पिशवी साठवत राहते अन पिळत नाही.

आणि आता दुखणं. खडा पिशवीच्या तळाशी लोळत असतो तोवर तो दुखत नाही. आईंना सांगा, बाकीचे दिवस खडे पडून होते. तुपाचं जेवण झालं, सीसीके आलं, पिशवी आकसली, आतलं सगळं तोंडाकडे सरकलं अन एखादा खडा मानेत अडकला. मानेपुढची नळी अरुंद, तिच्यात मळसूत्रासारख्या घड्या. वाट बंद अन मागून पिळणं चालू. बंद पिशवीत दाब वाढतो, भिंत ताणली जाते, आणि त्या ताणाची कळ म्हणजे तुमच्या आईंची ती आवळलेली मूठ. म्हणून ९ मिलिमीटर का २० मिलिमीटर यावर दुखणं ठरत नाही, खडा कुठं आहे अन पिशवी त्या क्षणाला काय करते आहे यावर ठरतं. खडे असलेल्या दर दहांपैकी साधारण आठांना ते असल्याचा पत्ताही नसतो.

"येते-जाते असं नाही, एकसारखं" हे जे तुम्ही लिहिलं, तेही यातूनच कळतं. मुतखडा ज्या नळीत अडकतो ती नळी लाटांनी ढकलते, म्हणून ती कळ लाटांनी येते अन माणूस तळमळत येरझाऱ्या घालतो. पित्ताशयाला तशा लाटा नाहीत, ती एक पिशवी आहे, दाब चढतो, चढून तिथंच थांबतो, अर्धा तास ते चार-पाच तास, आणि मग खडा मागे सरकला की उतरतो.

पाठीत का? पित्ताशयाकडून येणारे मज्जातंतू मणक्यात जिथं शिरतात तिथंच पाठीच्या त्या भागाचेही शिरतात. मेंदूला नेमकं घर कळत नाही, तो अंदाजानं पत्ता लावतो. सुरुवातीला छातीच्या पाटाखाली मधोमध दुखतं, म्हणून लोक जठर समजतात किंवा हार्ट समजतात. तुम्ही ईसीजी काढायला नेलं ते अगदी योग्य केलं, त्या वेळी घरी बसून ठरवायची ती गोष्ट नाही.

भौ, आता तेल. अर्धा कप तेल रिकाम्या पोटी म्हणजे सीसीकेला सगळ्यात मोठा हुकूम. खडे असलेल्या पिशवीला एकदम जोरात पिळायला लावणं. ज्या गोष्टीनं चाफा ताईंच्या आईला त्या रात्री त्रास झाला तीच गोष्ट औषध म्हणून द्यायची. सकाळी जे हिरवे गोळे पडतात ते तेल, लिंबू अन आतड्यातल्या रसांचा बनलेला साबण असतो, तपासून पाहिलेलं आहे हे. खडे जिथल्या तिथं असतात.

इतवारीचा_भौ
सर, मला हे खरंच माहीत नव्हतं. मी तीन-चार जणांना सांगितलं होतं ते तेलाचं. आजच फोन करून नाही म्हणून सांगतो.

चाफा_प्रतापनगर
सर, मी हे आईला वाचून दाखवलं, कूलरच्या टाकीचं तिला लगेच पटलं. पण एक अडतं. तुम्ही म्हणता स्नायू सुस्त झालेला असतो. सुस्त स्नायू एवढं भयंकर दुखवू शकतो का? अन इंजेक्शननं कमी कसं झालं, खडा तर तिथंच आहे?

शिकवतो_शरीरक्रिया
सुस्त आहे म्हणजे पूर्ण रिकामी करू शकत नाही, मेली आहे असं नाही. उघड्या तोंडाच्या पिशवीला रिकामं व्हायला जोर लागतो, पण बंद तोंडाच्या पिशवीत दाब चढायला थोडं आकसणंही पुरतं. ज्या पिशवीत पिळायचा काहीच दम उरला नाही ती खड्याला तोंडापर्यंत ढकलणार तरी कशी.

शिवाय दाब एकट्या स्नायूमुळे राहत नाही. तोंड बंद झालं, भिंत ताणली की अस्तर चिडतं, प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात आणि त्यांच्यामुळे अस्तर आतच आणखी पाणी अन चिकट स्राव सोडायला लागतं. म्हणजे नेहमी पाणी शोषणारी पिशवी उलटी आतून भरायला लागते. बहुतेक आईंना डायक्लोफेनॅकच्या जातीचं, म्हणजे दुखणं अन सूज कमी करणारं इंजेक्शन दिलं असेल, ते या रसायनांचं बनणंच थांबवतं, भरणं थांबतं, ताण उतरतो, अन ढिल्या पडलेल्या पिशवीत खड्याला मागे सरकायला जागा मिळते. नुसतं स्नायू सैल करणारं औषध दिलं तर त्यापेक्षा कमी उपयोग होतो हे अभ्यासांतही दिसलं आहे, त्याचं कारण हे. पण किडनीचा, अल्सरचा, हार्टचा त्रास असणाऱ्यांनी ही औषधं स्वतःच्या मनानं घ्यायची नसतात, हे लक्षात ठेवा.

नंदनवन_नवीआई
मला हा धागा दोन वर्षांपूर्वी हवा होता. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळ सात आठवड्यांचं. आई रोज रात्री दूध अन दोन डिंकाचे लाडू द्यायची, तुपात तळलेल्या डिंकाचे. एका रात्री बाळाला पाजता पाजताच दुखायला लागलं, मला बाळाला बाजूला ठेवताही येईना, तसंच मांडीवर धरून मी वाकून बसून राहिली, बाळ पिऊन झोपलं तरी माझं दुखणं चालूच. सगळे म्हणाले वायगोळा आहे, बाळंतिणीला होतो. चौथ्यांदा झालं तेव्हा सोनोग्राफी केली, बारीक बारीक पुष्कळ खडे. गरोदरपणाच्या पहिले काहीच नव्हतं, कारण त्या वर्षीच दुसऱ्या कारणानं सोनोग्राफी झाली होती. सर, हे गरोदरपणातच झाले असतील का?

शिकवतो_शरीरक्रिया
बरीच शक्यता आहे. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन वाढतं, ते गर्भाशय सैल ठेवतं, पण त्याला गर्भाशय अन पित्ताशय असा भेद कळत नाही, पिशवीचा स्नायूही सैल पडतो. इस्ट्रोजेनमुळे पित्तात कोलेस्टेरॉलही जास्त येतं. नऊ महिने गाळ साठतो. बाळंतपणानंतर स्नायूत पुन्हा जोर येतो अन पिशवी पिळायला लागते, पुष्कळांचा गाळ तेव्हा आपोआप धुऊन निघतो, काही जणींचे खडे मात्र तेव्हाच दुखायला लागतात. तुमच्या आईचा काही दोष नाही त्यात, लाडू चांगल्या मनानंच दिले होते.

नंदनवन_नवीआई
हे वाचून मी आईला फोन केला. ती दोन वर्षं स्वतःला बोल लावत होती.

चामोर्शी_ते_नागपूर
आमच्या घरची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे पण सांगायला हवी, कारण आपल्या विदर्भात अशी घरं पुष्कळ आहेत. माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार. १७ वर्षांचा. त्याला अंग दुखायचे झटके लहानपणापासून येतात त्यामुळे पोटात दुखलं तरी आम्ही झटकाच समजायचो, पाणी पाज, गरम कपडे घाल. मागच्या वर्षी जेवणानंतर दोन-तीन वेळा उजवीकडे दुखलं, डोळे नेहमीपेक्षा जास्त पिवळे दिसले तेव्हा नागपूरला आणला. पित्ताशयात काळे खडे निघाले. डॉक्टरांनी सांगितलं की सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर फुटतात, त्यांच्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं रंगद्रव्य जास्त तयार होतं, त्याचे हे खडे, कोलेस्टेरॉलचा यात संबंध नाही, म्हणून बारीक पोरालाही होतात. ज्यांच्या घरी सिकलसेलचं मूल आहे त्यांनी दर वेळेला पोटदुखी झटक्यावर टाकू नका. आम्ही दोन वर्षं टाकली.

शिकवतो_शरीरक्रिया
फार मोलाचं लिहिलंत. भर एवढीच, काळ्या खड्यांत स्नायू तुलनेनं चांगला चालत असतो, कारण कोलेस्टेरॉलनं तो बिघडलेला नसतो. म्हणजे पिशवीत जोर असतो.

निवृत्त_सिस्टर_महाल
मी १९८६ पासून सर्जरी वॉर्डात होते, तेहतीस वर्षं. वरचं सगळं वाचलं, सरांनी नीट सांगितलं आहे. मला जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहिते.

खडा मागे सरकला की दुखणं जातं आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. नाही सरकला तर पिशवी सुजते. तेव्हा दुखणं पाच-सहा तास होऊनही उतरत नाही, मधलं दुखणं उजवीकडे बरगडीखाली येऊन बसतं, हात लावू देत नाही, ताप येतो. आमचे सर बरगडीखाली बोटं ठेवून "मोठा श्वास घ्या" म्हणायचे. पेशंट श्वास घ्यायला सुरू करायचा आणि अर्ध्यातच थबकायचा. श्वास घेताना यकृत खाली येतं, सुजलेली पिशवी बोटांवर आपटते. शिकागोच्या मर्फी नावाच्या सर्जनची ती खूण आहे, आमच्या नवीन मुलींना मी ते थबकणं चेहऱ्यावर पाहायला शिकवायची, पोटाकडे नका पाहू, भुवया पाहा म्हणायची.

थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी चहाच्या रंगाची, शौचास पांढुरकी, उलट्या थांबत नाहीत, दुखणं आरपार पाठीत जातंय आणि पुढे वाकून बसल्यावरच थोडं बरं वाटतंय, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. खडा पिशवीतून निसटून मोठ्या नळीत गेला की कावीळ आणि पू, स्वादुपिंडाच्या तोंडाशी अडला तर स्वादुपिंडाला सूज. बारीक खडे यात जास्त वाईट, कारण तेच निसटतात. रिपोर्टवर ३-४ मिलिमीटर वाचून लोक "छोटेच आहेत" म्हणतात, मला तेव्हा पोटात गोळा यायचा.

आणि शुगरचे पेशंट, विशेषतः म्हातारे. त्यांच्या आतल्या नसा कमजोर झालेल्या असतात, पिशवीचं पिळणंही मंद आणि दुखण्याची जाणीवही मंद. एक आजोबा मला अजून आठवतात. नुसतं "जेवण जात नाही" म्हणून आले होते, चालत आले, मुलगा मागून सामानाची थैली घेऊन. पोट उघडलं तर पित्ताशय काळं पडलेलं होतं. ते वाचले, पण घरच्यांना वाटत होतं की दुखत नाही म्हणजे किरकोळ आहे. घरात शुगर असलेलं मोठं माणूस असेल तर दुखण्याच्या तीव्रतेवर जाऊ नका.

ऑपरेशनला आई घाबरत असेल तर तिला सांग, मी लागले तेव्हा बरगडीखाली वीतभर चीर द्यायचे, आठ-दहा दिवस मुक्काम. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली आपल्या देशात पहिल्यांदा दुर्बिणीनं पित्ताशय काढलं, नंतर हळूहळू आमच्याकडे आलं. आता चार बारीक भोकं आणि एक-दोन दिवसांत घरी. आणि नुसते खडे काढून पिशवी ठेवत नाहीत ते याच कारणानं, ज्या पिशवीनं खडे केले तिचा स्वभाव तोच राहतो.

त्रिमूर्तीनगर_विणकर
सिस्टर, सर, दोघांच्या लिहिण्याला हात जोडते, पण माझी बाजू पण ऐका, कारण ती सहसा कोणी लिहीत नाही. मला रोज पोट फुगणं, ढेकरा, जळजळ, जेवलं की जड वाटणं असं होतं. सोनोग्राफीत दोन खडे दिसले. ताबडतोब "हेच कारण" म्हणून पित्ताशय काढलं. मला कोणी विचारलंच नाही की दुखणं कसं आहे, किती वेळ राहतं, पाठीत जातं का. ऑपरेशन व्यवस्थित झालं, कोणाची चूक झाली असं नाही म्हणत, पण फुगणं, ढेकरा, जळजळ जशीच्या तशी आहे. नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की नेदरलँड्समध्ये २४ रुग्णालयांत १,०६७ लोकांवर मोठा अभ्यास झाला, २०१९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात ऑपरेशन कोणाचं करायचं याचे कडक निकष लावले तरी आणि नेहमीसारखं ठरवलं तरी, वर्षभरानंतर दोन्हीकडे ४० ते ४४ टक्के लोकांचं पोट दुखायचं पूर्ण थांबलेलं नव्हतं. सगळ्यांचं दुखणं पित्ताशयाचं नसतंच. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी पहिले जठराची तपासणी करून घेतली असती.

शिकवतो_शरीरक्रिया
ताई, तुमचं लिहिणं या धाग्यात सगळ्यात गरजेचं होतं. फुगणं, ढेकरा, जळजळ यांचा पिशवीच्या आकसण्याशी सरळ संबंध लावता येत नाही. आकसणं अन अडणं यातून जे दुखणं येतं त्याला एक ठसा असतो, अधूनमधून येतं, आलं की किमान अर्धा तास टिकतं, चढून एकसारखं राहतं, पुष्कळदा जड जेवणानंतर किंवा रात्री झोपेतून उठवतं, काम सोडून बसायला लावतं, आणि मधल्या दिवसांत माणूस ठणठणीत. रोज उठून होणारा त्रास या ठशात बसत नाही. म्हणून खडे दिसले यापेक्षा दुखण्याची हकिगत मोठी. चाफा ताईंच्या आईंची हकिगत जशी आहे तशी लिहून सर्जनला दाखवा, तारीख, वेळ, काय खाल्लं, किती तास.

लक्ष्मीनगर_वाचक
माझा उलटा प्रश्न. मला अगदी चाफा ताईंच्या आईसारखंच दुखतं पण दोनदा सोनोग्राफी झाली, खडा एकही नाही. एंडोस्कोपी पण नॉर्मल. आता हायडा स्कॅन करायला सांगितलाय. ते काय असतं?

शिकवतो_शरीरक्रिया
शिरेतून थोडं किरणोत्सारी द्रव्य देतात, ते यकृत पित्तात सोडतं, पिशवी त्यानं भरते, मग सीसीके देऊन किती टक्के बाहेर पडलं ते कॅमेऱ्यानं मोजतात. साधारण ३५ ते ४० टक्क्यांच्या खाली गेलं तर पिशवी कमी पिळते म्हणतात. खडे नसताना अन बाकी सगळं नॉर्मल असताना त्याचा उपयोग. खडे दिसलेले असतील अन दुखणं ठशातलं असेल तर बहुतेकांना त्याची गरज पडत नाही. फक्त एवढ्या आकड्यावरून कोणी लगेच ऑपरेशन म्हणत असेल तर दुसरं मत घ्या, आकडा एक दिवसाचा असतो, काही औषधांनीही कमी येतो. वजन उतरवायची जी नवी इंजेक्शनं निघाली आहेत त्यांच्यावर असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, पिशवीचं पिळणं त्यांनीही मंदावतं.

मानेवाडा_मावशी
सर, मी खडा दिसल्यापासून तेल-तूप पार बंद केलंय, बरोबर आहे ना?

शिकवतो_शरीरक्रिया
मावशी, तुम्हाला दुखतच नाही तर पार बंद करायची गरज नाही. चरबी अजिबात नसेल तर पिशवीला पिळायचा निरोपच जात नाही, पित्त साठून राहतं. दोन्ही वेळचं वेळेवर जेवा, भाजीला फोडणीपुरतं तेल असू द्या, लांबलचक उपास नको. ज्यांना दुखतं त्यांनी ऑपरेशन होईपर्यंत एकदम जड, तळलेलं, तुपाचं जेवण टाळावं. दिवसभर उपाशी राहून रात्री एकदम पुरणपोळी म्हणजे काठोकाठ भरलेल्या पिशवीला सगळ्यात मोठा हुकूम, त्या रात्री तेच झालं.

चाफा_प्रतापनगर
पाच आठवड्यांनी लिहून राहिली आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी आईसोबत बसून वही भरली. तीन वर्षांतली अकरा वेळची आठवण निघाली आणि त्यातल्या आठ वेळा सणाचं किंवा लग्नाचं जेवण होतं, बाकी तीन वेळा काय खाल्लं ते तिला आठवेना. सर्जननी ती वही पूर्ण वाचली, म्हणाले आता मला शंका नाही. रक्ताच्या तपासण्या नॉर्मल होत्या. मागच्या मंगळवारी दुर्बिणीनं ऑपरेशन झालं, बुधवारी संध्याकाळी घरी आणली.

खडे एका छोट्या बाटलीत दिले. मुगाएवढे बहुतेक, पिवळट तपकिरी, एकमेकांवर घासून कडा गुळगुळीत झालेल्या, एकच मोठा तुरीच्या दाण्याहून थोडा जास्त. आईनं बाटली उजेडात धरून हलवून पाहिली आणि म्हणाली, एवढंसं होतं होय. मग म्हणाली, यांचा तरी काय दोष, पिशवीच पिळत होती.

काल तिनं पहिल्यांदा वरणभातावर चमचाभर तूप घेतलं. रात्री मला सवयीनं दोनला जाग आली, स्वयंपाकघरात जाऊन आले, दिवा बंद होता. ती तिच्या खोलीत कुशीवर झोपली होती. दोन दिवस शौचास पातळ होतंय, सिस्टर, हे ठीक आहे ना?

निवृत्त_सिस्टर_महाल
ठीक आहे बाळा. आता साठवायला पिशवी नाही, पित्त यकृतातून सारखं थेंबथेंब आतड्यात उतरतं, आतड्याला सवय व्हायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. थोडं थोडं, वेळेवर खाऊ दे. महिनाभरात बसलं नाही तर सर्जनना सांग, त्यावर औषध आहे. ताप, कावीळ, टाक्यातून पाणी, पोट वाढत जाऊन दुखणं, यातलं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी जा.

इतवारीचा_भौ
चाफा ताई, आई बऱ्या झाल्या, फार बरं वाटलं. हा धागा वाचून मी घरी बायकोला विचारलं, तिलाही रात्री असंच दुखतं म्हणे, दोन वर्षांपासून, मला कधी सांगितलंच नाही. उद्या सोनोग्राफीला नेतो. उपाशीपोटी यायला सांगितलं आहे, ती म्हणते चहा तर चालतो ना.

निवृत्त_सिस्टर_महाल
चहा नको. दुधातल्या चरबीनंही पिशवी आकसते, आणि आकसलेल्या पिशवीत बारीक खडे लपून जातात. रात्रीचं हलकं जेवण लवकर, मग किमान सहा-आठ तास काही नाही, साधं पाणी घोटभर चालेल. सकाळचा पहिला नंबर लावा म्हणजे तिला ताटकळावं लागणार नाही. आणि दुखताना पाठीत जातं का ते आज रात्री तिला नीट विचारून ठेवा.